वॉलेसचा सोबती अली

समुद्रसफरीच्या जाहिराती हल्ली आपण सगळेच पाहतो. निळे पाणी, किनाऱ्याला माडांची रांग, पांढरेशुभ्र जहाज आणि त्याच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या टाकून बसलेले दोन मित्र. चार दिवस, पाच बेटे, जेवणखाण भाड्यातच! अशी जाहिरात पाहिली की मला मात्र एक निराळीच सफर आठवते. तीही उष्ण प्रदेशातल्या बेटांचीच होती आणि तीतही दोघे सोबती होते. पण ती चार दिवसांत आटोपली नाही, सहा वर्षांहून अधिक चालली. आणि त्या दोघांना मित्र म्हणावे की मालक-नोकर म्हणावे, हे मला अजून नीटसे ठरवता आलेले नाही. आज ती हकिकत तुमच्यापुढे ठेवतो. ठरवायचे ते तुम्हीच ठरवा.

त्या दोघांपैकी एकाचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस. विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींना हे नाव परिचयाचे असेल. उत्क्रांतीच्या पाठात डार्विनचे नाव ठळक येते आणि त्याच्या पाठोपाठ, कधीकधी नुसते कंसात, वॉलेसचे येते. दुसऱ्याचे नाव अली. हे नाव पाठ्यपुस्तकात कंसातही सापडायचे नाही.

वॉलेसचा जन्म १८२३ सालचा. घरची स्थिती बेताची, त्यामुळे चौदाव्या वर्षीच शाळा सुटली आणि थोरल्या भावाच्या हाताखाली तो जमीनमोजणीच्या कामाला लागला. साखळी ओढत रानोमाळ हिंडता हिंडता त्याला झाडापाल्याचा आणि किड्यामुंग्यांचा नाद लागला. पुढे १८४८ मध्ये बेट्स नावाच्या आपल्यासारख्याच एका छंदी मित्राबरोबर तो दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात गेला. पक्षी आणि कीटक जमवायचे, ते लंडनला पाठवून विकायचे आणि त्यावर पोट भरायचे, असा हा बेत. चार वर्षांनी तो परत निघाला, तर भर समुद्रात जहाजाला आग लागली. जवळ असलेला सारा संग्रह जळून गेला. उघड्या होड्यांतून दहा दिवस समुद्रावर काढल्यावर एका जहाजाने त्याला उचलले. एखादा म्हणाला असता, पुरे झाला हा समुद्र! वॉलेस तसा म्हणाला नाही. १८५४ च्या एप्रिलमध्ये तो सिंगापुरास उतरला.

आता शिक्षकमंडळींनी मनाशी आशियाचा नकाशा आणावा. सिंगापूरपासून पूर्वेकडे थेट न्यू गिनीपर्यंत बेटेच बेटे पसरलेली आहेत. सुमात्रा, जावा, बोर्निओ, सेलेबीस म्हणजे आजचे सुलावेसी, ही मोठी. आणि मधल्या समुद्रात, सुपातून धान्य सांडावे तशी शेकडो लहान लहान. आज यांतला बहुतेक भाग इंडोनेशियात मोडतो. त्या काळी बऱ्याच ठिकाणी डच लोकांचा अंमल होता, आणि बोर्निओच्या एका कोपऱ्यात सारावाक येथे जेम्स ब्रूक नावाचा एक इंग्रज चक्क राजा होऊन बसला होता. या सारावाकमध्ये १८५५ साली वॉलेसने एक मलायी पोरगा नोकरीस ठेवला. तोच हा अली. वय पंधराच्या आसपास असावे.

नोकरीला ठेवण्याची कारणे अगदी साधी होती. स्वयंपाक करायला कोणी तरी हवे होते, आणि मलायी भाषा शिकायची तर घरात ती बोलणारा माणूस हवा. म्हणजे पाहा, या नात्याचा आरंभच असा झाला की मालक विद्यार्थी आणि नोकर शिक्षक. पुढे लवकरच उलटेही झाले. अली बंदूक चालवायला शिकला, आणि पक्षी सोलून त्याचे कातडे पिसांसकट टिकवण्याची कला शिकला.

ही कला सोपी समजू नका. पक्षी मारल्यावर त्या हवेत काही तासांतच तो नासू लागतो. पीस न मोडता, रक्ताचा डाग न पडू देता आतले मांस काढायचे, कातड्याला आतून सोमल चोळायचा, कापूस भरून आकार द्यायचा आणि वाळवायचे. वाळत असताना मुंग्या पिसांची आणि डोळ्यांभोवतीच्या कातडीची धूळधाण करतात, आणि कुत्री तर आख्खा पक्षीच पळवतात. आपल्याकडे दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात ना? तशा नाना युक्त्या या दोघांना कराव्या लागत. लंडनहून वॉलेसने चार्ल्स ॲलन नावाचा एक मुलगा मदतीला आणला होता. त्याला सरळ रेषेत करवत धरता येत नाही, अशी तक्रार वॉलेसने घरी लिहिलेल्या पत्रांतून केलेली आहे. अलीविषयी अशी तक्रार मात्र आढळत नाही.

१८५६ मध्ये वॉलेसला सिंगापूरहून मकासरला जायचे होते. थेट जाणारे जहाज मिळेना. तेव्हा वाट वाकडी करून एका चिनी व्यापाऱ्याच्या गलबतातून तो बाली बेटावर उतरला आणि तेथून पुढे शेजारच्या लोंबोक बेटावर गेला. तो स्वतःच पुढे लिहितो, की थेट जहाज मिळाले असते तर या दोन बेटांकडे मी बहुधा फिरकलोच नसतो. म्हणजे आता जी गोष्ट मी सांगणार आहे, ती एक जहाज न मिळाल्यामुळे घडलेली आहे.

बालीला पाहून वॉलेस चकित झाला तो तिथल्या शेतीने. डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखी भातखाचरे, आणि पाटाचे पाणी या खाचरातून त्या खाचरात हिशेबाने सोडलेले. युरोपाबाहेर इतकी निगुतीची शेती त्याने पाहिलेली नव्हती. बालीचे लोक हिंदू, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या वेळी शेजारच्या लोंबोकवरही बाली लोकांपैकीच एका राजाचे राज्य होते, रयत मात्र बहुतेक मुसलमान.

त्या राजाची एक गोष्ट वॉलेसने तिथे ऐकली. ती सांगायचा मोह मला आवरत नाही, कारण जनगणनेचे काम पडलेल्या शिक्षकांना ती खास आवडेल. राजाला माणशी ठरीव तांदूळ कर म्हणून मिळत असे, पण दर वर्षी तो कमी कमी भरू लागला. मधले कामगार खात होते हे उघड होते. पण रयत किती हेच राजाला ठाऊक नाही, तर चोरी धरणार कशी? राजाने युक्ती केली. पर्वतावर जाऊन आल्यावर त्याने जाहीर केले, की मोठी रोगराई येणार आहे, आणि पर्वतदेवतेची आज्ञा अशी की प्रत्येक माणसामागे एक सुई गोळा करून त्या सुयांच्या पवित्र कट्यारी घडवाव्यात. एक जरी सुई कमी पडली तर कट्यारीचा गुण येणार नाही. कोणत्या गावाची हिंमत होणार सुई चुकवायची? गावोगावच्या सुया आल्या आणि राजाला न बोलता रयतेची मोजदाद मिळाली. पुढच्या वर्षी कामगारांचे काय झाले असेल ते सांगायला नको.

असो. आपण पक्ष्यांकडे वळू. बालीत वॉलेस दोन-तीनच दिवस होता. तेवढ्यात त्याने जे पक्षी पाहिले, त्यांची नावे ऐकली तर तुम्हाला आपल्याच परसातले वाटतील. दयाळ, सुगरणीच्या जातीचा पक्षी, हळद्याचा भाऊबंद, आणि उन्हाळ्याच्या दुपारी टुक् टुक् करीत बसणारा तो आपला तांबट. हे सारे आशिया खंडातले पक्षी, आणि ते पुढे लोंबोकवरही दिसतील असे तो धरून चालला. पण लोंबोकवर तो दोन महिन्यांहून अधिक राहिला, अली रानात हिंडला, आणि बालीत पाहिलेल्या त्या पक्ष्यांपैकी एकही दिसला नाही. त्यांच्या जागी दिसले पांढरे काकाकुवा. आणि दिसला एक कोंबडीएवढा चमत्कारिक पक्षी, जो अंडी उबवतच नाही. पालापाचोळा आणि माती उकरून तो माणसाच्या उंचीचा ढीग रचतो, त्यात अंडी पुरतो आणि निघून जातो. कुजणाऱ्या पाल्याच्या उबेनेच पिले बाहेर येतात. आपल्या उकिरड्यात हात घालून पाहिला असेल त्याला ही ऊब समजावून सांगायला नको. काकाकुवा काय, हा ढीग रचणारा पक्षी काय, यांचे सगे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचे.

मधली सामुद्रधुनी वॉलेसच्या हिशेबाने अवघी १५ मैलांची. एका बेटावरून दुसऱ्याचे डोंगर दिसतात. हवा तीच, पाऊस जवळपास तोच. मग १५ मैलांत पृथ्वीचा एक भाग संपून दुसरा सुरू कसा होतो? वॉलेसने ओळखले की उत्तर पाण्याच्या खोलीत आहे. सुमात्रा, जावा, बोर्निओ यांच्यामधला समुद्र उथळ आहे, म्हणजे कधी काळी ही बेटे आशियाच्या भूमीला जोडलेली होती. लोंबोकची सामुद्रधुनी मात्र खोल. आज आपल्याला याहून नेमके सांगता येते. गेल्या हिमयुगात पुष्कळसे पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकले, तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे ४०० फूट खाली होती. तेव्हा जावा आणि बाली पायी चालत जाण्याजोगे झाले. पण लोंबोकच्या वाटेत तेव्हाही पाणीच होते. पुढे १८६८ मध्ये हक्सली या शास्त्रज्ञाने या सीमेला 'वॉलेस रेषा' असे नाव दिले. नकाशावर ती आजही त्याच नावाने काढतात.

लोंबोकहून दोघे मकासरला गेले, आणि तिथे आळीपाळीने तापाने आडवे झाले. आधी वॉलेस पडला, तो उठतो न उठतो तोच अली पडला. अली पडला की चूल बंद आणि पक्षी सोलणेही बंद. वॉलेसचे सारे काम या एका पोराच्या दोन हातांवर किती अवलंबून होते, हे त्या मजकुरावरून ध्यानात येते.

आणि मग आली ती खरी समुद्रसफर. मकासरच्या पूर्वेला सुमारे हजार मैलांवर आरू नावाची बेटे आहेत. मकासरचे व्यापारी वर्षातून एकदाच तिथे जात. डिसेंबरात पश्चिमेचा वारा सुटला की शिडे उभारायची, आणि जुलै-ऑगस्टात पूर्वेचा वारा सुरू झाला की परतायचे. आपल्या कोकणपट्टीतल्या मंडळींना हे वाऱ्याचे वेळापत्रक सांगण्याची गरज नाही. आपली गलबतेही पिढ्यान् पिढ्या याच हिशेबाने अरबस्तानाकडे जात-येत होती. १८५६ च्या डिसेंबरात वॉलेस, अली आणि आणखी दोन पोरे अशा एका 'प्राऊ' नावाच्या देशी गलबतात बसली. सुमारे ७० टन माल नेणारे हे गलबत. शिडे चटयांची, दोरखंड वेताचे. डेकवर गवताने शाकारलेली, अंग टाकण्यापुरती एक खोपटी वॉलेसला मिळाली.

या खोपटीतले दिवस त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या समुद्रप्रवासाचे होते, असे तो म्हणतो. आगबोटीतल्या पहिल्या वर्गापेक्षाही सुखाचे! कारणेही देतो. रंगाचा, डांबराचा, चरबीचा वास नाही. अमुक कपडे घाला, अमुक वेळेला जेवायला या, अशी बंधने नाहीत. आणि या कारणांच्या यादीत आणखी एक कारण आहे. सेवेला आपले स्वतःचे नोकर. मी हे वाक्य वाचताना दर वेळी थांबतो. कारण खोपटीत निवांत पडून समुद्र पाहणारा एक, आणि त्याच्यासाठी बाहेर भात शिजवण्याची व्यवस्था पाहणारा दुसरा, अशी ही सफर होती. समुद्र दोघांनीही पाहिला. लिहिले एकानेच.

१८५७ च्या जानेवारीत गलबत आरूच्या डोब्बो गावी लागले. डोब्बो म्हणजे वाळूच्या पट्टीवर हंगामापुरते उभे राहणारे बाजाराचे गाव. मोती, शिंपले, वाळवलेले समुद्रजीव यांचा व्यापार. नाना देशांचे, नाना जातींचे शेकडो लोक, आणि पोलीस नाही, कोर्ट नाही. तरी मारामाऱ्या नाहीत, लुटालूट नाही! वॉलेसला याचे मोठे नवल वाटले. पण तो आला होता स्वर्गपक्ष्यासाठी. मलायी व्यापारी या पक्ष्याला 'मानुक देवाता' म्हणत. मानुक म्हणजे पक्षी, आणि देवाता म्हणजे आपलीच देवता. या पक्ष्यांची वाळलेली कातडी युरोपात जात, ती पाय कापून. त्यामुळे युरोपातल्या लोकांची समजूत झाली की हा पक्षी पाय नसलेला, जन्मभर आकाशातच राहणारा आहे. लिनियससारख्या पंडितानेही १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले ते 'अपोडा', म्हणजे पाय नसलेला, हेच.

आरूच्या रानात एक दिवस बादरून नावाचा त्याचा मकासरी नोकर एक लहानसा पक्षी घेऊन आला. लालभडक अंग, छाती पांढरी, आणि शेपटीतून निघालेल्या दोन तारांच्या टोकाला पाचूसारख्या दोन हिरव्या चकत्या. हा राजा स्वर्गपक्षी. तो हातात घेऊन वॉलेसच्या मनात जे विचार आले ते आजही वाचण्यासारखे आहेत. माणसाच्या नजरेस न पडता हे सौंदर्य युगानुयुगे या रानात जन्मले आणि मेले, तेव्हा जग केवळ माणसासाठी निर्माण झाले आहे असे कसे म्हणावे? आणि सुधारलेला माणूस इथे पोचला, तर ज्याचे कौतुक त्यालाच करता येते तोच जीव तो नाहीसा करील. हे लिहिणारा गृहस्थ स्वतः बंदूक घेऊन आला होता, ही गोष्ट आज आपल्याला खुपते, आणि खुपावी. त्या काळी छायाचित्रे घेण्याची आजच्यासारखी सोय नव्हती एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

आरूच्या मुक्कामात किड्यांच्या चाव्यांनी वॉलेसच्या पायांवर जखमा झाल्या आणि अनेक दिवस त्याला घराबाहेर पाऊल टाकता आले नाही. तेव्हा रानात जाऊन पक्षी आणीत ती अली आणि त्याच्या जोडीची पोरे. तिथल्या गावकऱ्यांना हा गोरा माणूस मेलेले पक्षी आणि किडे जपून पेट्यांत का भरतो, याचे कोडे पडे. माझ्या देशातल्या लोकांना ते पाहायचे आहेत, असे त्याने सांगितले. ते कोणाला पटेना. पाहण्यासारख्या वस्तू तर तुमच्याच देशात केवढ्या! शेवटी एका म्हाताऱ्याने कोडे सोडवले. समुद्रापलीकडे नेल्यावर हे सगळे पुन्हा जिवंत होत असणार, दुसरे काय! जुलै १८५७ मध्ये पूर्वेच्या वाऱ्याने गलबत परत निघाले तेव्हा पेट्यांत ९००० च्या वर नमुने होते.

पुढच्या वर्षी, १८५८ च्या जानेवारीत, दोघे तर्नाते नावाच्या बेटावर आले. समुद्रातून वर आलेला एक ज्वालामुखी, आणि त्याच्या पायथ्याशी गाव. इथे वॉलेसने एक जुनाट घर भाड्याने घेतले आणि तीन वर्षे ठेवले. याच सुमारास एकदा हिवतापाने थंडी वाजत असताना, कांबळी गुंडाळून पडल्या पडल्या त्याच्या मनात तो प्रसिद्ध विचार चमकला. जीव जन्मतात पुष्कळ, जगतात थोडे. मग जगतात ते कोणते? परिस्थितीला जे अधिक योग्य ते. आणि असे पिढ्यान् पिढ्या होत गेले तर एका जातीतून दुसरी जात निपजेल. ताप उतरल्यावर त्याने हे लिहून काढले आणि डार्विनकडे पाठवले. डार्विन याच विचारावर वीस वर्षे गुपचूप काम करीत होता. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेख एकदम वाचले गेले. पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहे. डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये निघाला, आणि वॉलेसने कधी कुरकुर केली नाही. उलट आपला प्रवासग्रंथ त्याने डार्विनलाच अर्पण केला.

मात्र त्या तापात त्याला पाणी कोणी पाजले, कांबळी कोणी पांघरली, हे वॉलेसने त्या प्रसंगाच्या वर्णनात लिहिलेले नाही. माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराची ही नेहमीची अडचण आहे. कागद लिहिणाऱ्याचा असतो, आणि अलीच्या हातचे एक अक्षरही आपल्यापर्यंत आलेले नाही. त्याला शोधायचे ते वॉलेसच्याच ओळींमधून.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते बाचान बेटावर होते. एक दिवस वॉलेस रानातून परत येत असता वाटेत अली भेटला. कमरेला काही पक्षी लटकत होते आणि चेहरा खुललेला. त्याने एक पक्षी वर धरून दाखवला. छातीवर हिरव्या चकचकीत पिसांचा पट्टा, आणि दोन्ही खांद्यांवरून निघालेली लांब पांढरी पिसे, प्रत्येक खांद्यातून दोन दोन. असा पक्षी कोणाही शास्त्रज्ञाने त्याआधी पाहिलेला नव्हता. स्वर्गपक्ष्याची ती सर्वस्वी नवी जात होती. वॉलेसला झालेला आनंद त्याच्या ग्रंथात ओसंडून वाहतो, आणि पक्षी अलीने आणला हे तो स्वच्छ लिहितो. लंडनमध्ये १८५९ साली ग्रे नावाच्या शास्त्रज्ञाने या पक्ष्याचे बारसे केले. नाव ठेवले 'सेमिओप्टेरा वॉलेसाय'. पक्षी अलीला सापडला आणि नाव वॉलेसचे लागले. शास्त्राच्या त्या काळच्या रीतीप्रमाणे यात काही गैर झाले असे कोणाला वाटले नाही. अलीला काय वाटले, ते विचारायला कोणी गेले नाही.

सगळेच प्रवास काही आरूच्या सफरीसारखे सुखाचे नव्हते. १८६० मध्ये वॉलेसने स्वतःचे गलबत करून वायगिओ बेटाची फेरी केली. तीत पहिले खलाशी पळून गेले, दोन माणसे महिनाभर एका ओसाड बेटावर अडकून पडली, चार नांगर गमावले, शिडे उंदरांनी खाल्ली, आणि १२ दिवसांच्या परतीच्या वाटेला ३८ दिवस लागले. जाहिरातीतल्या समुद्राला हा दुसरा चेहराही असतो.

मधल्या काळात अलीने तर्नातेत लग्न केले. बायको माहेरीच राहिली आणि हा पुन्हा वॉलेसबरोबर बेटे हिंडायला निघाला. नव्या पोरांना काम शिकवायचे तेही आता त्याच्याकडेच. आठ वर्षांत वॉलेसने सुमारे १४००० मैल प्रवास केला आणि १,२५,६६० नमुने जमवले. त्यात ८०५० पक्षी होते. वॉलेसच्या वह्या चाळून अलीकडच्या अभ्यासकांनी असा कयास केला आहे, की यांतले निम्म्याहून अधिक पक्षी अलीच्या हातचे असावेत.

१८६२ च्या फेब्रुवारीत सिंगापूरला दोघांची ताटातूट झाली. वॉलेसने अलीला पगाराशिवाय पैशांची भेट दिली, दोन दुनळी बंदुका दिल्या, उरलेला दारूगोळा, हत्यारे, सामानसुमान सगळे दिले. अलीने त्या दिवसांत प्रथमच युरोपी कपडे चढवले आणि तशा वेषात त्याचे एक छायाचित्र काढण्यात आले. त्याला आपला देशी वेषच अधिक शोभत असे, असा शेरा वॉलेसने मारला आहे. आणि मग एक आगबोटीने पश्चिमेला गेला, दुसरा बेटांकडे परतला.

वॉलेसबरोबर त्या वेळी पिंजऱ्यात दोन जिवंत स्वर्गपक्षी होते. सिंगापुरास त्याने ते १०० पौंडांना विकत घेतलेले. वाटेत तो आठवडाभर आपल्या मुंबईला थांबला, आणि या पाहुण्यांसाठी तिथे ताज्या केळ्यांची बेगमी करून घेतली. केळी मिळाली, पण पुढच्या आगबोटीवर झुरळे मिळेनात, अशी त्याची तक्रार आहे. पक्ष्यांना झुरळे फार आवडत. एप्रिलच्या १ तारखेला पक्षी लंडनला सुखरूप पोचले.

त्यानंतर त्रेचाळीस वर्षे गेली. १९०५ मध्ये वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी वॉलेसने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात अलीचे ते सिंगापूरचे छायाचित्र आहे, आणि त्यासोबत अलीविषयी दोन शब्द आहेत. मला लाभलेला सर्वांत उत्तम देशी नोकर, असे तो म्हणतो. आणि त्याच वाक्यात पुढे म्हणतो, पूर्वेच्या बेटांतल्या माझ्या जवळजवळ सर्व प्रवासांतला निष्ठावंत सोबती. नोकर आणि सोबती, दोन्ही शब्द एकाच वाक्यात शेजारी शेजारी! वॉलेसला यात काही विसंगती दिसली नाही. कदाचित त्याच्या काळी ती दिसणे शक्यही नव्हते. पण त्रेचाळीस वर्षे तो फोटो त्याने जपून ठेवला होता, हेही विसरता येत नाही.

याच्या दोन वर्षांनंतर, १९०७ मध्ये, टॉमस बार्बर नावाचा एक तरुण अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ हिंडत हिंडत तर्नातेला आला. तिथे सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या एका मलायी म्हाताऱ्याने त्याला थांबवले. डोक्यावर विटलेली निळी टोपी. त्याने आपले नाव सांगितले, अली वॉलेस. बार्बरने ओळखले. लहानपणापासून वॉलेसचा ग्रंथ वाचलेला तो माणूस. त्याने म्हाताऱ्याचे छायाचित्र घेतले आणि घरी गेल्यावर वॉलेसला पाठवून दिले.

वॉलेस तेव्हा हयात होता. १९१३ मध्ये तो वारला. त्याने बार्बरला आनंदाने उत्तर लिहिले, आणि एकदा जबर हिवतापात अलीने शुश्रूषा करून आपला जीव कसा वाचवला, ती आठवण त्यात सांगितली. हे आपल्याला कळते ते बार्बरने पुढे लिहिलेल्या आठवणींवरून. कारण ते पत्र बार्बरकडून हरवले.